शिफ्ट ड्युटी असताना रोजचं बायबल वाचन कसं बसवायचं? (बेळगाव)

उद्यमबाग_मोल्डर

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. मी बेळगावचाच, उद्यमबागला फाउंड्रीत कामाला आहे, आठवड्याला शिफ्ट बदलते, एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. लग्न झाल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं की घरात रोज वचन वाचलं गेलं पाहिजे, बायबल फक्त रविवारी उपासनेला न्यायचं आणि परत शोकेसवर ठेवायचं असं नको. जानेवारीत चर्चमध्ये वर्षात पूर्ण बायबलचा कागद वाटला तो फ्रीजवर लावलाय, रोज तीन-चार अध्याय. उत्पत्ती मस्त जातं, योसेफाची गोष्ट आली की पुढं काय होतंय म्हणून ठरलेल्यापेक्षा जास्तच वाचलं जातं, निर्गममध्ये समुद्र दुभंगतो तिथपर्यंत पण चांगलं, मग निवासमंडपाचे म्हणजे देवाच्या तंबूचे पडदे, कड्या, खांब सुरू होतात, त्याच्यामागं लेवीय, म्हणजे याजकांच्या आणि अर्पणांच्या नियमांचं पुस्तक, आणि नेमकी त्यात नाईट शिफ्ट आली की चार दिवसांचं वाचन साचतं आणि ते साचलेलं बघूनच पुस्तक उघडायला जड वाटतं.

दुसरं म्हणजे अभ्यास. वाचालोय खरं, पण संध्याकाळी कुणी विचारलं आज काय वाचलंस तर दोन वाक्यं धड सांगता येत नाहीत. व्हॉट्सअॅपवर रोज एक छोटं प्रवचन येतं ते ऐकतो, चांगलं असतं, पण ते दुसऱ्यानं वाचून सांगितलेलं झालं, मला स्वतः वाचून कळायला पाहिजे.

आणि तिसरं, बायको बैलहोंगलकडची, शाळा सगळी कन्नडमध्ये, मराठी बोलते छान पण वाचायला अडते. तिचं बायबल कन्नड, माझं मराठी. दोघांनी एकत्र वाचायचं तर कसं? ज्यांच्या घरात हे नीट चालू आहे त्यांनी सांगा की.

निपाणीची_मावशी

बाळ, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी शाळेत शिकवायचे, आता रिटायर आहे, संडे स्कूल अजून घेते, त्यामुळं जरा लांबलचक लिहीन, निवांत वाच.

पहिलं म्हणजे घड्याळ धरू नकोस. ज्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते त्यानं सकाळी पाच वाजता म्हणून ठरवलं तर ते तीन आठवड्यातल्या एकाच आठवड्यात जमणार. वेळेला न बांधता कामाला बांध. कामावरून घरी आलास, आंघोळ केलीस, की जेवायच्या आधी पंधरा मिनिटं. फर्स्ट शिफ्ट असू दे की नाईट, घरी येणं आणि आंघोळ चुकत नाही, मग वाचन पण चुकणार नाही. बायबलची जागा पण ठरव, आणि शोकेसवर नको, जिथं बसून वाचणार तिथंच, शेजारी पेन्सिल आणि एक साधी शंभर पानी वही.

आता लेवीय. सगळेजण तिथंच अडतात, कारण आधी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, न वाचता सरळ तिथं येऊन पोचतात. माझं स्पष्ट मत आहे की नव्यानं सवय लावणाऱ्यानं मार्कपासून सुरू करावं. सोळाच अध्याय आहेत, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारी शुभवर्तमानात सगळ्यात लहान. सुट्टीच्या दिवशी एकदा बसून सलग वाचून काढ, मोठ्यानं वाचलं तरी दीड तासाच्या आसपास होतं. मग दुसऱ्या दिवसापासून परत पहिल्यापासून, रोज एकच प्रसंग, आणि लेवीय त्याच्यासोबत तुकड्या-तुकड्यानं.

बघ कसं ते. मार्कच्या पहिल्याच अध्यायात शेवटी कुष्ठरोगी येतो, येशू त्याला हात लावून बरं करतो आणि म्हणतो जा, याजकाला दाखव आणि मोशेनं नेमलंय ते अर्पण कर. काय नेमलंय? ते लेवीय १४ मध्ये आहे. दोन जिवंत पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी सूत, एजोब नावाचं झुडूप. एक पक्षी मातीच्या भांड्यात वाहत्या पाण्यावर मारायचा आणि दुसरा त्या रक्तात बुडवून मोकळ्या रानात सोडून द्यायचा. पूर्वी गावाबाहेर राहायला लागलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर तो पक्षी उडून जातो, विचार कर त्याला काय वाटलं असेल. तोच अध्याय नुसता वाचला तर नियमांची यादी वाटते, मार्क वाचून गेलास तर त्या कुष्ठरोग्याला पुढं काय काय करायचं होतं ते कळतं.

तसंच मार्क ५ मधली बाई, बारा वर्षं रक्तस्राव होणारी. ती गर्दीतून मागून येऊन वस्त्राला शिवते आणि नंतर थरथर कापत पाया पडते. एवढी का घाबरली? लेवीय १५ चा शेवट वाच. ती ज्यावर बसेल, ज्यावर निजेल ते अशुद्ध, त्याला जो शिवेल तो अशुद्ध. अशी बाई बारा वर्षं काढून गर्दीत शिरली. आणि लूक २ मध्ये योसेफ-मरिया बाळ येशूला मंदिरात घेऊन जातात तेव्हा पक्ष्यांच्या जोडीचं अर्पण आहे, ते लेवीय १२ मध्ये शेवटच्या वचनात आहे, ज्या बाळंतिणीला कोकरू परवडत नाही तिच्यासाठी. म्हणजे घर किती गरीब होतं ते लूकनं न सांगता सांगितलंय. हे माझ्या संडे स्कूलच्या पोरांनी स्वतः शोधून काढलं तेव्हा त्यांचे चेहरे बघायला पाहिजे होते.

वहीत रोज फक्त तीन गोष्टी लिही. इथं कोण काय करतंय, देवाबद्दल काय कळलं, आणि मला काय कळलं नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, ती पाळकसाहेबांना विचारायला ठेव, लाजू नकोस. लिहिलेलं असलं की संध्याकाळी आठवतं पण.

आणि भाषा जड वाटते म्हणून सोडू नकोस. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घालवली, ते का, तर कमी शिकलेल्या बायकांना पण स्वतः वाचून कळावं म्हणून. १९२२ ला त्या गेल्या, ते काम पुरं करूनच. ज्या बायकांसाठी हे केलं त्यातल्या कितीतरी जणी तिथंच अक्षर शिकल्या. आपल्याला तर शाळा मिळालीय.

खानापूर_स्टाफनर्स

मावशी किती सुंदर लिहिलंत, लेवीय १४ आजच वाचणार.

दादा मी पण शिफ्टवालीच, खानापूर तालुक्यात एका छोट्या दवाखान्यात, नाईट पण असते, म्हणून मावशींपेक्षा एक थोडं वेगळं सांगते. प्लॅन पाहिजेच, नाहीतर मला आवडतं तेच परत परत वाचलं जातं आणि बाकीचं कधीच होत नाही. फक्त प्लॅन आपल्या अंगाचा पाहिजे. तुमच्या फ्रीजवरच्या कागदाचा हिशोब बघा, पूर्ण बायबलचे अध्याय ११८९, त्याला ३६५ नं भागलं की रोजचे सव्वातीन, एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी साडेसहा, नाईटला कोण वाचणार. त्याउलट नवा करार २६० अध्याय. वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याला पाच अध्याय, बरोबर २६०. म्हणजे रोज एक अध्याय, आठवड्यातले पाच दिवस, वर्षात नवा करार पूर्ण, आणि दोन दिवस दर आठवड्याला मोकळे, शिफ्ट बदलायच्या दिवशी झोपा निवांत, काही साचत नाही. हे गणित मला कळलं त्या दिवसापासून वाचनाचं टेन्शनच गेलं.

जास्त वाचायची ज्यांना इच्छा आहे त्यांच्यासाठी मॅक्शेनचा तक्ता आहे, स्कॉटलंडमध्ये डंडी म्हणून गाव आहे तिथले हे पाळक, १८४२ ला त्यांनी आपल्या मंडळीसाठी केला होता, रोज चारेक अध्याय, वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा. अजून लोक वापरतात. पण तो सवय लागल्यावरचा, सुरुवातीला नको असं मला वाटतं.

मोबाईलचं पण सांगते. आमच्याकडं पावसात रेंज जाते, लाईट पण जाते, म्हणून यूव्हर्जनच्या बायबल ॲपमध्ये ज्या मराठी आवृत्तीला डाउनलोडचं बटण येतं ती आधीच उतरवून ठेवायची. ऑडिओ पण मिळतं, बसमध्ये खानापूर ते बेळगाव मी तेच ऐकते, आदल्या दिवशी वाचलेला अध्याय परत कानावर पडतो, आणि वाचताना न दिसलेलं ऐकताना लागतं. पण वाचायला मात्र कागदाचंच पुस्तक घ्या दादा, मोबाईलमध्ये अध्याय अर्धा होतो तेवढ्यात मेसेज येतो आणि मग गेलं.

दोन_भाषांचं_घर

संकेश्वरहून. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे कारण आमच्यात हेच आहे, फक्त उलटं, मी कन्नडमध्ये शिकलो, मिसेस मराठी, आणि पोरं इंग्लिश मीडियमला.

अण्णा, कुणी कुणाच्या भाषेत यायची गरजच नाही. बायबल सोसायटीचं कन्नड घ्या की मराठी, अध्याय आणि वचनांचे आकडे तेच. आम्ही रात्री जेवण झाल्यावर एकच परिच्छेद घेतो, एक वचन मी कन्नडमध्ये मोठ्यानं वाचतो, तेच वचन ती मराठीत वाचते, मग पुढचं. दुप्पट वेळ लागतो हे खरं पण त्यामुळंच सावकाश होतं आणि प्रत्येक वचन दोनदा कानावर पडतं. आणि दोन्हीकडं जरा वेगळं वाटलं की थांबतो आणि बोलतो, वाद पण होतो कधीकधी, चांगला वाद. सुरुवातीला फक्त पुस्तकांची नावं शोधायला वेळ जातो, तुमची स्तोत्रसंहिता तिच्याकडं कीर्तनेगळु, लेवीय म्हणजे याजककांड, तर बायबलच्या पहिल्या पानावरची अनुक्रमणिका दोघांनी समोरासमोर धरून एक कागद करून आत ठेवा.

मोठा भाग घेऊ नका. आमचा फिलिप्पैकरांसचा चारच अध्यायांचा ग्रंथ महिनाभर चालला आणि पोरांना अजून त्यातलं पाठ आहे. नाईटच्या आठवड्यात तुम्ही घरी नसणार, तेव्हा तिनं तेच वचन घरी वाचावं आणि तुम्ही जेवणाच्या सुट्टीत, सकाळी चहाला बसून दोघांनी काय सापडलं ते सांगायचं. आमचं हे सगळ्यात गोड चालतं.

कॅम्प_कॅथलिक

आम्ही कॅथलिक, घरी कोंकणी, चर्चमध्ये मराठी कोंकणी इंग्रजी सगळंच. आमच्या बायबलमध्ये पुस्तकं ७३ आहेत, तुमच्या ६६, पण प्रश्न तोच आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडं रोजच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची वाचनं आधीच ठरलेली असतात, रविवारची तीन वर्षांच्या चक्रात, मत्तय मार्क लूक एकेक वर्ष, आणि इतर दिवसांची पहिली वाचनं वर्षातला बराच काळ दोन वर्षांच्या चक्रात फिरतात. मला रोज मिस्साला जाणं जमत नाही, दुकान आहे, पण त्या दिवसाचं वाचन मी दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत वाचतो. मला याचं फार बळ वाटतं की तेच वाचन आज जगभर वाचलं जातंय. तुम्ही पण तुमच्या ओळखीतला एखादा माणूस धरा जो तोच अध्याय त्याच दिवशी वाचेल.

अभ्यासासाठी जुनी मठातली पद्धत आहे, बाराव्या शतकात गिगो नावाच्या संन्याशानं तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात. वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग देवासमोर नुसतं गप्प बसणं. एकच छोटा उतारा तीन-चार वेळा सावकाश वाचायचा, एखादं वाक्य मनाला धरतं तिथं थांबायचं, त्याच वाक्यावरून देवाशी बोलायचं. वही नसली तरी चालते. मराठीत सोपं पाहिजे असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल बघा, मी ते घेतल्यापासून नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं पहिल्यांदा नीट समजायला लागली.

शहापूरचे_काका

सगळ्यांनी छान लिहिलंय. कॅम्पवाल्या भावाच्या पद्धतीबद्दल आदर ठेवून एक जोडतो, की मनाला धरलेलं वाक्य कुठं बसलंय ते आधी बघा आणि मग त्यावर मनन करा. आपल्या लोकांच्या घरात कॅलेंडरवर यिर्मया २९:११ असतंच, देव म्हणतो तुमच्या हिताचे संकल्प माझ्या मनात आहेत, भविष्य आणि आशा देणारे. कुणाची नोकरी लागायची असली की हेच वचन पाठवतात. आता तो अध्याय पहिल्यापासून वाचा. ते बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. पाचव्या वचनात म्हणतो तिथंच घरं बांधा, बागा लावा, सातव्यात म्हणतो ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, आणि दहाव्यात म्हणतो सत्तर वर्षांनी परत आणीन. सत्तर वर्षं! ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातले बरेच जण परत यायच्या आत म्हातारे होऊन तिथंच जाणार होते. मग त्या आशेचा अर्थ किती खोल होतो बघा, आणि उद्या नोकरी लागली नाही तरी ते वचन खोटं पडत नाही.

फिलिप्पै ४:१३ चं तसंच, मला शक्ती देणाऱ्याच्या योगे मी सगळं करू शकतो. परीक्षेच्या पॅडवर चिकटवतात. आधीची दोन वचनं वाचा, पौल म्हणतोय की मी तृप्त राहायला शिकलो आणि उपाशी राहायला पण शिकलो, आणि हे तो बेड्यांत असताना लिहितोय.

म्हणून नियम एकच ठेवा, कुठलंही वचन आवडलं की त्याच्या आधीची आणि नंतरची निदान दहा वचनं वाचायची. अध्याय संपला म्हणजे विषय संपला असं पण नसतं. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, ती स्टीफन लँग्टनची मानतात, आणि नव्या कराराची आज चालणारी वचनांची आकडेवारी रोबेर एतिएन या छापखानेवाल्यानं १५५१ ला घातली, मूळ लिहिणाऱ्यांनी नाही. मार्क ९ चं पहिलं वचन वाचा, ते खरं तर आठव्याच्या शेवटाला जोडून आहे.

आणि व्हॉट्सअॅपवरचं प्रवचन बंद करू नका. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुयाच्या लोकांचं कौतुक आहे, त्यांनी पौलाचं ऐकलं आणि मग हे असंच आहे का म्हणून रोज शास्त्रात शोधून पाहिलं. रोज हा शब्द तिथंच आहे. प्रवचन ऐका आणि त्यात जे वचन सांगितलं ते संध्याकाळी स्वतः उघडून तपासा, तुमचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

उद्यमबाग_मोल्डर

मावशी, ताई, अण्णा, काका, सगळ्यांचे मनापासून आभार, मी आणि मिसेसनी मिळून सगळं वाचलं, ती तर याजककांड १४ लगेच काढून बसली.

आमचं असं ठरालंय, फ्रीजवरचा कागद काढला. आठवड्याला पाच अध्याय, मार्कपासून, कामावरून आल्यावर आंघोळ झाली की. दोघं एक वचन कन्नड एक वचन मराठी. वही आणली, ती तिच्या भाषेत लिहिणार मी माझ्या, एकाच वहीत. फाउंड्रीतला एक दोस्त पण तयार झालाय, तो हिंडलग्याचा, त्याच्या चर्चमधला नाही मी, पण तोच अध्याय तो पण वाचणार.

एकच शंका राहिली. नाईटच्या आठवड्यात डोकं चालत नाही, मार्कचा अख्खा अध्याय नेटानं वाचला तरी लक्षात राहत नाही. त्या आठवड्यासाठी काही हलकं पण रिकामं नसलेलं असं आहे का?

निपाणीची_मावशी

आहे की. स्तोत्र १२० ते १३४. पंधरा स्तोत्रं आहेत, आरोहणाची स्तोत्रं म्हणतात, यरुशलेमला सणाला वर चढून जाताना म्हणायची असं बरेच अभ्यासक मानतात. सगळी छोटी, त्यातलं मोठ्यात मोठं १३२ वं, त्याला पण अठराच वचनं. पाच रात्री, रात्रीला तीन, आठवड्यात सगळी होतात आणि मार्क जिथं थांबला तिथं थांबू दे, पुढच्या आठवड्यात धर.

पहिल्याच रात्री १२१ येतं, राखणारा देव डुलकी घेत नाही, झोपत नाही. चौथ्या रात्री १३० येतं, त्यात पहाटेची वाट बघणारे पहारेकरी आहेत, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. आणि शेवटचं १३४, तीनच वचनं, रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठी लिहिलेलं. ते पाठच कर, सुट्टीत पुस्तक उघडायला हात काळे असतात ना तुमचे. मिसेसला सांग कीर्तनेगळु मध्ये पण आकडा तोच आहे, त्याच रात्री तिनं घरी तेच वाचावं. आणि मार्क ५ ला पोचलात की इथं लिही, मला वाचायचंय तुम्हाला काय काय सापडलं ते.